दत्तूच्या मापाची मूठ

दत्तू, तुला तिरडीवर बांधताना तुझा उजवा हात माझ्या वाट्याला आला. बुऱ्हाणपुरात लालबागच्या तुझ्या घरासमोर जमलेल्यांपैकी बऱ्याच जणांना मी तुला हात लावलेला नको होता, ते त्यांच्या तोंडांवरच दिसत होतं. पण सुमनवहिनी आतून म्हणाल्या, मास्तरांना येऊ द्या, आणि मग कोणाची बोलायची टाप नव्हती. मी तुझा हात छातीवर ठेवला आणि सुंभ आवळला. या हाताचं माप जगात माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही, तुझ्या बायकोलासुद्धा नाही. अंगठ्याच्या बुडाशी गुबगुबीत, बोटं आखूड, तळवा सदा घामेजलेला. मेल्यावर तेवढा तो कोरडा झाला होता.

रडू आलं नाही. खोटं कशाला बोलू, आधी रागच आला. म्हटलं, सुटला लेकाचा, आणि मला इथंच अडकवून गेला. आमच्या शाळेतले इतिहासाचे मास्तर म्हणाले, वामनराव, तुमचा बालमित्र गेला, चार चांगले शब्द लिहा. चांगले शब्द तुला जिवंतपणी पुष्कळ मिळाले, आणि त्यातले बहुतेक तूच स्वतःबद्दल बोललेले होतेस. मी सुतारकाम शिकवणारा माणूस. मला कानस चालवता येते, तेवढीच चालवतो.

एक मान्य करून टाकतो म्हणजे तुझं देणं फिटेल. आपण चौथीत होतो. भादव्यात तापी भरून चालली होती आणि मी राजघाटावर शेवाळ्यावरून घसरून पाण्यात गेलो. तू पायरीवर पालथा पडलास आणि माझं मनगट धरलंस. घाटावरचे लोक धावत येईपर्यंत तू ते सोडलं नाहीस. तुझ्या हनुवटीची कातडी दगडावर सोलली गेली, तिची खूण शेवटपर्यंत होती. त्या दिवशी तो घामट हात निसटला असता तर आज हे लिहायला मी नसतो. हे मी कधी विसरलो नाही. विसरायची सोयच नव्हती म्हणा, तू वर्षातून चारदा आठवण करून द्यायचास.

मग तू संस्थानात नोकरीला गेलास. आपलं बुऱ्हाणपूर पहिल्यापासून इंग्रजी मुलुखात, आपल्याला राजाबिजाचं अप्रूप. दिवाळीला यायचास तेव्हा सांगायचास की राजेसाहेब तुझ्याशिवाय शिकारीला निघत नाहीत. पुढं कळलं की तू शिकारखात्यात कारकून होतास आणि काडतुसं मोजून वहीत मांडायचास. वाईट काम नव्हतं ते. इमानदारीनं केलं असतंस आणि तसंच सांगितलं असतंस तर मीच चारचौघांत कौतुक केलं असतं. पण तुला कारकुनी सांगायची लाज आणि फुशारकीची हौस.

संस्थानं विलीन झाली. राज गेलं, खातं गेलं, आणि तू एक ट्रंक आणि एक फेटा घेऊन लालबागला वापस आलास. आता तू दत्तू राहिला नव्हतास, दत्ताजीराव झाला होतास. महिन्याभरानं राजपुऱ्यात माझ्या घराच्या ओसरीवर आलास. तिथंच माझं कामाचं बाक असतं. दार लावायला सांगितलंस आणि कोटाच्या आतून फडक्यात गुंडाळलेलं ते पिस्तूल काढलंस. फिरत्या चक्राचं, पाच गोळ्यांचं, तळहाताएवढं. राजेसाहेबांनी जाताना प्रेमानं दिलं म्हणालास. दिलं की तू उचललं, हे मी विचारलं नाही. देणाऱ्याचा कागद नव्हता, परवाना नव्हता, आणि ज्यांच्याकडे संस्थानी हत्यारं असतील त्यांनी ती जमा करावीत म्हणून दवंडी पिटून झाली होती. तू तहसीलदाराला लिहून दिलं होतंस की माझ्याकडे काही नाही. सगळे राजे मुकाट्यानं सही करून मोकळे झाले, आणि हा काडतुसं मोजणारा कारकून एकटा स्वतंत्र राहिला.

तुझं काम एवढंच होतं की मूठ बदलून पाहिजे. जुनी काळ्या रबराची होती, एका कोपऱ्यात तुटलेली. मी म्हटलं, दत्तू, मी पोरांना पाट आणि पोळपाट शिकवतो, हे माझं काम नव्हे. तू हनुवटीवरची खूण खाजवलीस. झालं.

आता हे कबूल करतो की काम हातात आल्यावर मला ते आवडायला लागलं. पिस्तुलाची मूठ म्हणजे काय, लोखंडी दांड्याच्या दोन बाजूंना दोन चिपा आणि आरपार एक स्क्रू. पण दोन चिपांत किती भानगडी. पहिली मी शिसवीची केली. तुला पॉलिश चकाचक पाहिजे होतं, तोंड दिसेल असं. केलं. तुझ्या ओल्या हातातून ती साबणाच्या वडीसारखी सुटायला लागली. मग मी तिच्यावर बारीक चौकड्या कोरल्या, म्हणजे पकड बसेल. दोन दिवसांनी आलास, टोचतं म्हणालास. दत्ताजीरावांना टोचतं.

मग तुला हस्तिदंत सुचला. तुझ्या आजीची एक मोडकी पेटी होती, तिची पट्टी घेऊन आलास. मी सांगितलं, ही गार पडते, घामानं गुळगुळीत होते, आणि खाली पडली की तडकते. नाही, राजेसाहेबांची अशीच होती. केली. तिसऱ्या दिवशी तुझ्याच हातून ओट्यावर पडली आणि तडकली. मग सांबरशिंग. शिंग खरखरीत, पकड चांगली, पण खिशाच्या अस्तराला अडकायचं. तू ऐटीत पिस्तूल बाहेर काढून दाखवायला गेलास आणि खिसा उलटा होऊन अडकित्ता, चुन्याची डबी आणि सुपारी माझ्या बाकाखाली गेली. मी हसलो तर आठ दिवस बोलला नाहीस.

बोटांसाठी खाचा पाड म्हणालास. त्याही पाडल्या. शांतपणे बसून एकेक बोट जागेवर ठेवलं की छान बसायचं. घाईनं धरलं की प्रत्येक बोट दोन खाचांच्या मधल्या उंचवट्यावर. मी म्हटलं, तुझ्या शत्रूला सांग, जरा थांब बाबा, बोटं लावून घेतो.

खरी अडचण मी तुला पहिल्याच दिवशी सांगितली होती. लपवायची मूठ वेगळी आणि धरायची मूठ वेगळी. लपवायची आखूड पाहिजे, बुडाशी गोल, म्हणजे सदऱ्यावरून उंचवटा दिसत नाही. धरायची जरा लांब, भरीव, करंगळीला जागा देणारी. आखूड मुठीला तुझी करंगळी हवेत लोंबायची, आणि चापाच्या कडीमागं पोकळी राहायची तिथं मधल्या बोटाचं पेर सोलून निघायचं. दोन्ही एकदम मिळणार नाही, काय ते एक ठरव, असं मी म्हणालो. तू लगेच म्हणालास, लपली पाहिजे. धरायचं मग पाहू. तुझ्या अख्ख्या जन्माचं धोरण त्या दिवशी माझ्या बाकावर बसून तू सांगून टाकलंस आणि मी गाढव कानस शोधत होतो.

तुमच्या देडतलाई गावच्या शेताचं भांडण तेव्हाचंच. तुझा चुलतभाऊ रामदास आणि तू, मधला बांध. रामदास कष्टाळू माणूस, केळीत दिवसभर वाकलेला, जरा हेकट. त्यानं बांध दोन हात सरकवला असं तुझं म्हणणं. तू सरकवला असं त्याचं. मी यातलं काहीच मापलेलं नाही. भादव्यात तू तिकडं जाऊन राहिलास, कारण सर्वपित्रीला भाऊबंदांनी एकत्र बसायचं आणि तिथंच काय ते मिटवायचं ठरलं होतं. पिस्तूल बरोबर नेलंस. वहिनींना त्याचा पत्ता नव्हता, त्या इथंच लालबागला होत्या.

तिथं नाल्याकाठी तू तुपाच्या रिकाम्या डब्यावर एक गोळी झाडलीस. डब्याला काही झालं नाही. मूठ मात्र तुझ्या ओल्या हातात गर्रकन उलटली आणि पिस्तुलाच्या घोड्यानं अंगठ्याच्या बेचक्यात चीर पाडली. मग तुला माझी आठवण झाली. माप कसं पाठवायचं ते मी आधी सांगून ठेवलं होतं. माती वाळताना तडकते, कणीक फुगून परत येते, तेव्हा उडदाचं पीठ पापडासारखं घट्ट मळ, त्याचा गोळा मुठीत आवळ आणि सावलीत वाळव. ही अक्कल माझी. ती तुझ्या नावावर टाकत नाही.

तू तो वाळलेला गोळा फडक्यात बांधलास, वर चिठ्ठी ठेवलीस, आणि शेतावरच्या सालदाराच्या हातात दिलीस, की गाडीवाल्याकडे दे, राजपुऱ्यात वामन मास्तरांना पोचवायचं. सालदार म्हातारा, अक्षरशत्रू. गाडीवाला पत्ता विचारील म्हणून त्यानं चिठ्ठी बाजारातल्या किराणा दुकानदाराकडून वाचून घेतली. त्या चिठ्ठीतलं अक्षर न् अक्षर मला पाठ आहे.

'वामन, मूठ लवकर तयार कर. अमावस्येला रामदास आणि मी समोरासमोर बसणार, त्याच्या आत पाहिजे. सोबत माप आहे. या खेपेला चुकू नको, उलटली तर माझ्यावरच येते. कोणाला बोलू नको.'

आणि फडक्यात उडदाच्या पिठाची, पाच बोटं उमटलेली मूठ.

आपल्या तापीकाठच्या कुठल्याही बाईमाणसाला हे दाखव. मूठ मारणं म्हणजे काय हे शेंबड्या पोराला माहीत असतं. मंतरलेले उडीद, अमावस्या, ज्याच्या नावानं मारली तो झुरून मरतो, आणि मंत्र चुकला तर मूठ उलटून मारणाऱ्यावर येते. दस्ता असा एक शब्द आहे, दत्तू. पिस्तुलाचा दस्ता. हिंदीत सगळे म्हणतात, आपल्याकडंही अर्धे लोक म्हणतात. संस्थानात एवढी वर्षं काढलीस, तेवढा एक शब्द तिथून उचलला असतास तर पिस्तुलापेक्षा बरा पडला असता.

मी ते पुडकं सोडलं तेव्हा मला यातलं काही सुचलं नाही. मला फक्त माप दिसलं, आणि माप झकास आलं होतं. मी तिवसाचं लाकूड घेतलं. आपले लोक अवजारांना तिवसाचे दांडे घालतात, ते उगीच नाही. चिवट, धक्का खाणारं, घाम पिणारं. पॉलिश केलं नाही, नुसतं जवसाचं तेल जिरवलं. कडीमागची पोकळी भरून काढली. बूड गोल ठेवलं आणि करंगळीला खाली वळून टेकायला जरासा ओठ दिला. लपवणं आणि धरणं दोन्ही जमेल तितकं जमवलं. माझ्या हातून त्याच्याइतकं बरं काम त्याआधी झालं नाही आणि त्यानंतरही नाही. रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात घातलं आणि अमावस्येच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं देडतलाईला आलो, मित्राचं काम म्हणून, स्वतःच्या पायांनी.

रामदासला हिवतापानं आधीच धरलं होतं. डॉक्टरनं कुनैन दिलं होतं. पण चिठ्ठीची बातमी गावभर झाल्यावर त्यानं गोळ्या मोरीत टाकल्या आणि भगत बोलावला. मुठीवर गोळ्या काय करणार, असं तो म्हणाला होता. हे मला मागाहून कळलं. मी तुझ्या अंगणात पाऊल टाकलं तेव्हा एवढंच दिसलं की शेजारच्या घरातून एक बाई धावत आली आणि तिनं माझे पाय धरले. ती गोदाबाई, रामदासची बायको. मागं दहाबारा माणसं.

"मास्तर, मूठ वापस घ्या," ती म्हणाली. "बांध देला तुमच्या दोस्ताले. सगळं वावर घ्या. माह्या माणसाले सोडा."

आणि दत्तू, माझा हात आपोआप कोटाच्या खिशाकडे गेला. मला वाटलं बाईला पिस्तुलाचं कळलं. हात खिशाकडे गेलेला सगळ्यांनी पाहिला आणि सगळे दोन पावलं मागं सरकले. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी तुझ्याकडे पाहिलं. तू ओट्यावर उभा होतास आणि जमिनीकडे बघत होतास. तुला आधीच माहीत होतं. दोन दिवसांपासून माहीत होतं.

तू मला ओढून गोठ्यामागं नेलंस. मी म्हटलं, काढ ते पिस्तूल आणि दाखव त्या बाईला, आत्ताच्या आत्ता. तू म्हणालास, पोलिसपाटील तिथंच उभा आहे, तहसीलदाराला खोटं लिहून दिलंय, मी आत जाईन. मी म्हटलं, जा. तो माणूस भीतीनं मरेल. तू म्हणालास, हिवतापानं कोणी मरतं का, दोन दिवसांत घाम येऊन उतरेल आणि बोंब आपोआप बंद होईल. मग माझा हात धरून स्वतःच्या नरड्याला लावलास.

"वामन, माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. बोललास तर मी मेलो."

हनुवटीची खूण माझ्या बोटांना लागत होती. आणि मी, पोरांना वर्गात सांगणारा की मूठबीठ सगळं थोतांड आहे, त्या शपथेला भ्यालो. खिशातलं पुडकं तुझ्या हातावर ठेवलं. पलीकडे गोदाबाईचं रडणं चालू होतं आणि तू तिथंच, शेणाच्या पाटीशेजारी, चिपा लावून स्क्रू पिळलास, मूठ धरून पाहिलीस, करंगळी खाली वळवलीस आणि म्हणालास, हं, आता बसली. थू तुझ्या जिंदगीवर. मी दुपारच्या गाडीनं परत आलो.

रामदास चौथ्या दिवशी गेला.

पुढचं तुला माहीत आहे, पण तू कधी ऐकून घेतलं नाहीस म्हणून आता ऐक. आता उठून जाता येणार नाही तुला. माझ्या कुसुमचं रावेरकडं ठरलं होतं. सुपारी फुटली होती. त्यांच्याकडून एक म्हातारे गृहस्थ आले, पाणीसुद्धा घेतलं नाही, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, मुलगी गुणाची आहे हो, पण आम्हाला लेकरंबाळं आहेत. कुसुम आत भाकऱ्या थापत होती. तिनं ऐकलं. तिनं एकदाही मला विचारलं नाही की बाबा, खरं काय. तिनं विचारलं असतं तर शपथ मोडली असती असं मी स्वतःला सांगत आलो. त्यानंतर तीन स्थळं आली, तिन्ही देडतलाईवरून चौकशी करून गेली. आता ती मुलींच्या शाळेत शिकवते आणि लग्नाचं नाव काढू देत नाही. माझ्या वर्गात पोरं कमी झाली. लोक माझ्याकडून पाळणा करून घेईनात. कोणाच्या घरी जेवायला बसलो की शेजारचा पाट रिकामा.

तुझं मात्र बरं झालं. गोदाबाईनं बांध सोडून दिला. तू मागितला नाहीस, कबूल. तू फक्त नको म्हणाला नाहीस. बाजारात लोक तुला वाट देऊ लागले, राम राम दत्ताजीराव म्हणू लागले. पिस्तुलानं तुझा जो धाक कधी बसला नाही तो माझ्या मुठीनं बसवला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तुझी झाकली राहिली आणि सव्वा लाख मी भरले.

किती वेळा तुझ्याकडे आलो आठव. म्हटलं, आता जमा कर ते, माफी माग, फार तर दंड होईल. तू म्हणायचास, आता सांगून रामदास परत येणार आहे का. दर वेळी तेच वाक्य, दर वेळी सुपारी कातरत. मी कुसुमचं नाव काढलं की तू उठून घरात जायचास आणि वहिनी चहा घेऊन बाहेर यायच्या. आपलं हे भांडण सहा वर्षं चाललं आणि त्यात भांडलो मी एकटाच.

या आजारात भेटायला आलो तेव्हा तू वाळून चाललेला होतास. बाहेर दोन माणसं प्रांतरचनेच्या गप्पा मारत होती, की आता वऱ्हाड जाणार, नागपूर आपलं राहणार नाही, आपण कुठल्या मुलुखात. तू डोळे मिटून पडला होतास. मला वाटलं, आता बोलेल. मी मुद्दाम खाटेजवळ सरकून बसलो. शेवटी तू म्हणालास, "वामन, ती तिवसाची मूठ चांगली झाली होती रे." सात मुठी केल्या तुझ्यासाठी, त्यातल्या एकीचं कौतुक, तेही मरायला टेकल्यावर. मी चपला घातल्या. त्या दिवशी जरा बसलो असतो तर. पण नाही बसलो. माझ्याही अंगात तुझ्याइतकीच मस्ती आहे.

आणि तरी मला तुझी आठवण येते, हरामखोरा. संध्याकाळी ओसरीवर बाक झाडताना वाटतं की आता दार लावायला सांगशील. तुझ्याशी बोलणं नव्हतं तेव्हाही तू लालबागला आहेस हे ठाऊक असायचं. आता शिवी द्यायला माणूस राहिला नाही.

काल तुझं तेरावं झालं. देडतलाईहून भाऊबंद आले होते, गोदाबाईही. ती दर कार्याला येते आणि मला पाहिलं की भिंतीकडे तोंड करते. मी दाराशीच बसलो होतो, शेजारचा पाट अर्थातच रिकामा. पानं मांडून झाली होती. तेवढ्यात सुमनवहिनी माजघरातून बाहेर आल्या. तेरा दिवस ज्या भेटायला आलेल्या कोणासमोर आल्या नव्हत्या त्या पुरुषांच्या पंगतीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

त्या म्हणाल्या, "जेवायच्या आधी ऐकून घ्या. मास्तरांनी मूठ केली होती ती पिस्तुलाची. यांच्याकडे बिनपरवान्याचं पिस्तूल होतं. जायच्या आदल्या दिवशी यांनी मला सांगितलं. आज सकाळी मी ते कोतवालीत पोलिसांना नेऊन दिलं."

म्हणजे सांगितलंस तर. तोंड उघडलंस, पण बायकोच्या पदराआड. निस्तरायला तिला ठेवलंस, आणि त्या बाईनं एका सकाळीत ते केलं, जे तुला सहा वर्षांत जमलं नाही. कोतवालीत तिला दोन तास बसवून ठेवलं होतं म्हणे. पुन्हा बोलावलंय.

मग एका म्हाताऱ्यानं आपला पाट माझ्याजवळ सरकवला. दुसरा कोणी म्हणाला, मास्तर, तुमच्यावर अन्यायच झाला. सहा वर्षं मी या वाक्याची वाट पाहिली होती. मी मान ताठ केली. घरी जाऊन कुसुमला कसं सांगायचं हे मनात जुळवायला लागलो.

गोदाबाई बायकांतून उठली. मला वाटलं, माफी मागायला येते आहे. मी तिला क्षमा करायच्या तयारीत होतो, दत्तू, हे तुला सांगायला आता लाज वाटते. ती माझ्या पाटासमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती.

"मास्तर," तिनं विचारलं, "मी पाय धरले तवा तुमच्या खिशात तेच होतं?"

मी म्हटलं, होय.

"मंग काढून दाखवलं का नाही?"

तुझ्या शपथेचं माझ्या ओठांवर आलं होतं. राजघाटाचं आलं होतं, तुझ्या हनुवटीचं आलं होतं. यातलं एकही त्या बाईसमोर उच्चारण्यासारखं नव्हतं. लाकडाच्या दोन चिपा होत्या, रुमाल सोडायचा होता. तिचा नवरा तेव्हा जिवंत होता आणि कुनैन डॉक्टरकडून पुन्हा आणता आलं असतं. ती तुला विचारत नव्हती, वहिनींना विचारत नव्हती. तिनं पुन्हा एकदा तेच विचारलं आणि उत्तरासाठी उभी राहिली.

आणि मी जमिनीकडे बघत बसलो, अगदी तुझ्यासारखा.